परदेशातलं लग्न, बदललेलं नाव आणि गावाकडचा सातबारा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलं असेल तर इथेच कळेल.

तुम्ही शिरपूर तालुक्यातल्या, सध्या मँचेस्टरला नर्स आहात. २०२२ मध्ये तिथल्या रजिस्टर ऑफिसात ब्रिटिश नागरिक असलेल्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. तुम्ही अजून भारतीय नागरिक आहात. लग्नानंतर 'डीड पोल' (नावबदल जाहीर करणारा तिथला कागद) करून वडिलांचं मधलं नाव गाळलं आणि 'पाटील'पुढे हायफन टाकून नवऱ्याचं आडनाव जोडलं. तिथली बँक, दवाखाना, नोकरी सगळं नव्या नावावर. भारतीय पासपोर्ट, आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला जुन्या नावावर. गेल्या वर्षी वडील वारले. शेताला वारस लावायचे तर तलाठी विचारतात, 'ताईंचं नाव कोणतं लिहू?' तालुक्याचा एजंट म्हणतो, मे महिन्यात आईच्या हौसेसाठी गावात लग्न लावणारच आहात, तर त्याच तारखेचा ग्रामपंचायतीचा विवाह दाखला काढून देतो. मामा म्हणतात गॅझेट करा, म्हणजे नावबदल सरकारी राजपत्रात छापून घ्या. तुम्ही विचारता, 'माझं लग्न आणि नाव भारतात मान्य करून घ्यायला नेमकं काय करू?'

धुळे-जळगावकडे वकिली करताना असे प्रश्न आता नेहमी येतात. पूर्वी गावातला एखादाच पोरगा बाहेर असायचा, आता चोपडा-शहाद्याच्या खेड्यांतूनही पोरी परदेशात नोकरीला आहेत. प्रत्येकीची गाठ जवळपास एकाच जागी बसलेली असते: तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले असतात. लग्न कायद्याने वैध आहे का, हा पहिला. ते झाल्याचा इथल्या कार्यालयाला पटेल असा कागद आहे का, हा दुसरा. आणि जुन्या नावाची बाई व नव्या नावाची बाई एकच, हे कागदावर जोडलेलं आहे का, हा तिसरा. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न सुटलेला आहे, दुसरा सोपा आहे, आणि खरी अडचण तिसऱ्यात आहे. एजंट मात्र तुम्हाला पहिल्याचं औषध विकतोय.

लग्नाच्या वैधतेपासून सुरू करू. गावात ऐकायला मिळतं, 'लगीन तठे व्हयनं, कागद आठे काय कामना?' (लग्न तिकडे झालं, इथे तो कागद काय कामाचा?) हा समज चुकीचा आहे. लग्न ज्या देशात लागलं तिथल्या पद्धतीने रीतसर लागलं असेल आणि दोघं लग्नाला पात्र असतील, तर आपलं न्यायालय ते लग्न मानतं. आपल्याकडे १९६९चा परदेशी विवाह कायदा आहे. त्याखाली भारतीय वकिलातीत लग्न लावता येतं, पण तसंच लावलं पाहिजे अशी सक्ती नाही. त्याच कायद्याचं कलम २७ स्पष्ट सांगतं की परदेशात इतर रीतीने झालेल्या लग्नाच्या वैधतेला या कायद्याने बाध येत नाही. त्यामुळे मँचेस्टरच्या रजिस्टर ऑफिसात लागलेलं तुमचं लग्न त्या दिवसापासून लग्न आहे. भारतात 'पुन्हा' काही लावायची गरज नाही.

'पात्र असतील' या शब्दांत काय येतं तेही सांगतो, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाची स्थिती तुमच्यासारखी नसेल. लग्नाच्या वेळी कोणाचा आधीचा जोडीदार हयात असून घटस्फोट झालेला नसेल, तर परदेशातलं प्रमाणपत्र कितीही चकचकीत असलं तरी उपयोग नाही. इथे हिंदू पद्धतीने झालेलं लग्न एखाद्याने परदेशी कोर्टातून मोडून घेतलं असेल, तर तो हुकूम इथे चालेलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या नरसिंह राव प्रकरणात त्याच्या अटी घालून दिल्या आहेत. असं काही असेल तर आधी तो भाग तपासून घ्या. परदेशात कायदेशीर असलेल्या समलिंगी लग्नाला ऑक्टोबर २०२३च्या निकालानंतर भारतात मान्यता नाही. इंग्लंडमध्ये नुसत्या मंदिरात फेरे किंवा नुसता निकाह झाला, आणि नोंदणीचा अधिकार असलेल्या माणसासमोर तो झाला नसेल, तर तिथल्या कायद्याला ते लग्न दिसतच नाही, मग इथे काय दाखवणार? आणि आपल्याकडे हमखास निघणारा एक मुद्दा: आतेभाऊ-मामेबहीण. परदेशी विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत हे नातं बसतं, पण दोघांपैकी एकाच्या समाजात तशी रूढी असेल तर सूट आहे. खान्देशातल्या बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करतात, त्यामुळे घाबरून लग्नच लपवून ठेवायचं कारण नाही.

आता कागद. मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये पद्धत बदलली. लग्नाच्या दिवशी सही होते ते 'शेड्यूल', त्यावरून नोंद संगणकात जाते आणि मग प्रमाणपत्र निघतं. तुमचं लग्न त्यानंतरचं, म्हणजे तुम्हाला निबंधकाने दिलेली प्रमाणित प्रत हवी. समारंभात फोटोसाठी हातात देतात तो शोभेचा कागद चालत नाही. अमेरिकेतही हीच गफलत होते. तिथे काउंटी क्लार्ककडची प्रमाणित प्रत लागते, पाद्रीने दिलेलं सजवलेलं प्रमाणपत्र नाही. ऑस्ट्रेलियात राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाची प्रत लागते. माझा आग्रह असतो की तीन प्रती काढा. एक कुठेतरी अडकून पडतेच.

त्या प्रतीवर अपॉस्टिल करून घ्या. अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा आहे, असं त्या देशाच्या सरकारने चिकटवून दिलेलं प्रमाण. १९६१च्या हेग करारातले देश एकमेकांचं अपॉस्टिल मानतात, आणि भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ब्रिटनमध्ये हे काम तिथल्या परराष्ट्र खात्याचं लीगलायझेशन ऑफिस करतं आणि ते टपालाने होतं. एकदा अपॉस्टिल झालं की दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा वेगळा शिक्का लागत नाही. 'दिल्लीहून अटेस्टेशन करून आणतो' म्हणून पैसे घेणारे खूप आहेत. दिल्लीचा शिक्का इथून बाहेर जाणाऱ्या कागदांना लागतो, बाहेरून आत येणाऱ्यांना नाही.

देश बदलला की रीत बदलते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय अपॉस्टिल देतं आणि ज्या राज्यात लग्न झालं त्याचंच चालतं. कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये करारात आला, म्हणून तिथला जुना सल्ला आता शिळा झाला आहे. जर्मनीने भारताबाबत हरकत घेतलेली आहे, त्यामुळे त्या दोन देशांत अपॉस्टिल चालत नाही, जुनाच लांबचा मार्ग. दुबई, म्हणजे यूएई, हा देशही या करारात नाही. तिथे त्यांचं परराष्ट्र खातं आणि मग आपली वकिलात, असे दोन शिक्के घ्यावे लागतात.

हे झालं की पुढचा प्रश्न येतो: भारतात वेगळी नोंद करायची का? इथे माझं उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' असं आहे. बहुतेकांना नोंदीची गरज नसते, अपॉस्टिल केलेल्या प्रतीवर कामं होतात. पण तुम्ही भारतीय नागरिक आहात आणि लग्नाच्या वेळीही होता, म्हणून परदेशी विवाह कायद्याच्या कलम १७ खाली वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्याकडे ही नोंद करून घेता येते. तशी नोंद झाली की लग्न त्या कायद्याखालीच लागलं असं मानलं जातं आणि भारत सरकारचं प्रमाणपत्र हातात येतं. इथल्या टेबलावरच्या माणसाला ते ओळखीचं वाटतं, हा त्याचा खरा फायदा. पुढे तुमच्या पतीला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची कायमची मुभा देणारं कार्ड) घ्यायचं असेल तर कायद्याची अट अशी आहे की लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. त्या वेळीही हे कागद कामाला येतात. वकिलातीवकिलातीत कागदपत्रांची यादी थोडी वेगळी असते, तेव्हा तिथे आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग १९५४च्या विशेष विवाह कायद्याचं कलम १५. ते इथे धुळ्यात, विवाह अधिकाऱ्यासमोर होतं. पण त्यासाठी अर्जाच्या आधी दोघांनी तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं लागतं, मग तीस दिवसांची जाहीर नोटीस. म्हणजे सलग दोन महिन्यांची रजा, तीही दोघांची. शिवाय परदेशात लागलेलं लग्न इथे नोंदवायचं की वकिलातीत पाठवायचं, यावर वेगवेगळ्या विवाह अधिकाऱ्यांची मतं वेगवेगळी मी ऐकली आहेत. मँचेस्टरला २०२५ पासून भारताची वकिलात सुरू झालेली असताना हा खटाटोप तुम्हाला मी सुचवणार नाही.

आता एजंटाचा सल्ला. इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या गुंत्यांपैकी सगळ्यात वाईट गुंते याच सल्ल्यातून तयार झालेले असतात.

महाराष्ट्राचा १९९८चा विवाह नोंदणी कायदा राज्यात झालेल्या लग्नांच्या नोंदीसाठी आहे. गावात ती नोंद ग्रामसेवक करतात. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण पारावर कोणीही तसं म्हणत नाही, म्हणून मीही जुनीच नावं लिहितो.) त्या अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं, आणि दोघांची वैवाहिक स्थिती काय होती तेही. मे महिन्यातली तारीख टाकली की 'आधीची स्थिती: अविवाहित' असं लिहिलं जाणार. ते खोटं आहे, आणि सरकारी नोंदीत खोटी माहिती देणं गुन्हा आहे. त्यावर सही तुमची, तुमच्या नवऱ्याची, साक्षीदार म्हणून मामांची आणि भावाची. एजंटाची कुठेच नाही.

दुसरं असं की भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, तरी हिंदू विवाह कायदा फक्त दोन हिंदूंच्या लग्नाला लागतो. तुमचे पती ख्रिस्ती आहेत. म्हणजे त्या कायद्याखाली ते लग्न ठरतच नाही. नोंदणीने विधी वैध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तर दोन हिंदूंच्या प्रकरणातही हेच सांगितलं, की विधीच न झालेलं लग्न नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही.

आणि व्यवहारातला त्रास यापेक्षा मोठा. तुमच्या नावावर दोन विवाह प्रमाणपत्रं होतील, दोन वेगळ्या तारखांची, दोन वेगळ्या गावांची. ब्रिटनच्या गृहखात्याकडे तुमचं लग्न २०२२चं नोंदलेलं आहे. पासपोर्ट नव्याने काढताना जोडलं ग्रामपंचायतीचं, ओसीआयला जोडलं मँचेस्टरचं, की कुठला तरी अधिकारी विचारणारच: २०२२ ते आतापर्यंत तुम्ही कोण होता? मूल झालेलं असेल तर तो प्रश्न आणखी टोचतो. आणि देव न करो, उद्या संसार मोडायची वेळ आली तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवतो. असा एक खटला मी जवळून पाहिला आहे. त्यात पोटगीचा मुद्दा बाजूला राहिला आणि लग्न खरं कोणतं यावरच वर्षं गेली.

याचा अर्थ आईची हौस मारायची असा नाही. हळद लावा, वरात काढा, पंगत उठवा, भरीत-पुरीचा बेत करा. समारंभ म्हणून तो कितीही थाटात होऊ द्या. फक्त त्याची नोंदणी करू नका. कोणी कार्यालयात विचारलंच तर सरळ सांगायचं, लग्न २०२२ मध्ये झालं, हा घरचा सोहळा.

आता नाव. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कोणताही कायदा नाही. तुम्ही बदललं, ठीक आहे, पण कसं बदललं ते महत्त्वाचं. डीड पोल म्हणजे तुम्ही साक्षीदारासमोर सही करून 'आजपासून माझं नाव हे' असं जाहीर केलेला कागद. ब्रिटनमध्ये त्याला मान आहे. शिरपूरच्या तहसिलात तो दाखवला तर लोक उलटसुलट करून बघतील आणि परत देतील. शिवाय तुमचे इमिग्रेशनचे कागद तिथलं गृहखातं पासपोर्टवरच्या नावानेच चालवतं. म्हणजे तिथेही तुम्ही सध्या दोन नावांवर जगताय, फक्त अजून कोणी अडवलेलं नाही.

गाठ सोडवायची जागा भारतीय पासपोर्ट आहे. बाकी सगळे कागद त्याच्या मागून जातात. पासपोर्टमध्ये लग्नामुळे आडनाव बदलणं हे तुलनेने सोपं काम आहे, सहसा विवाह प्रमाणपत्रावर होतं. पण तुम्ही वडिलांचं नावही काढलंत. आपल्या पासपोर्टात मधलं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून असतं. ते काढलं की अधिकाऱ्याच्या नजरेत तो लग्नामुळे झालेला बदल राहत नाही, पूर्ण नावबदल होतो. मग शपथपत्र, वर्तमानपत्रांत जाहिराती, राजपत्र असा जड रस्ता.

म्हणून माझा सल्ला असा: वडिलांचं नाव ठेवा. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच, आणि आडनावाच्या रकान्यात 'पाटील'नंतर जागा सोडून नवऱ्याचं आडनाव. हायफन नको. आपल्याकडच्या कित्येक ऑनलाइन फॉर्मांत तो बसत नाही, आणि एका ठिकाणी हायफन, दुसरीकडे मोकळी जागा, तिसरीकडे दोन्ही शब्द चिकटलेले अशी तीन नावं होऊन बसतात. पासपोर्ट हातात आला की त्याच नावाचा नवा डीड पोल तिथे करा आणि तिथली बँक-नोकरी त्यावर आणा. दोन्ही देशांत एकच नाव राहील. तुम्हाला वडिलांचं नाव मनापासून नको असेल तर तो तुमचा हक्क आहे, मग राजपत्राचा मार्ग धरा. पण इंग्रजी फॉर्ममध्ये मधलं नाव अडचणीचं वाटलं एवढ्यासाठी काढलं असेल, तर फेरविचार करा. वडिलांच्या सातबाऱ्याशी तुम्हाला जोडणारा धागा तेच नाव आहे.

मामांच्या गॅझेटबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र शासनाचं राजपत्र नावबदल जाहीर करतं, अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी राज्यातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. ते चांगलं साधन आहे, पण लग्नाने आडनाव जोडणाऱ्या बाईला सहसा लागत नाही. केलंच तर छापायला जाण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा. राजपत्रात एक काना चुकला की दुरुस्तीसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

पासपोर्टनंतर आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी नाव पक्कं करा आणि मगच केंद्रावर जा. सध्याचा डीड पोल घेऊन घाईत एक संधी वाया घालवू नका. मग पॅन. पतीचं नाव असलेल्या पासपोर्टाची प्रत पॅनच्या नावबदलाला पुरावा म्हणून चालते. पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे दोन्हींवरची इंग्रजी अक्षरं तंतोतंत एक हवीत. शेवटी बँक. तुमचं जुनं बचत खातं अजून साधंच असेल तर त्याच वेळी ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्या, परदेशात राहणाऱ्याला तसं करावंच लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, नर्सिंगची पदवी, जातीचा दाखला यांना हात लावू नका. ते जन्मनावाचेच राहतात, लग्नाने जात बदलत नाही आणि मार्कही बदलत नाहीत.

क्रम पुन्हा एकदा सांगतो: प्रमाणित प्रत, अपॉस्टिल, हवी तर वकिलातीत नोंद, पासपोर्ट, नवा डीड पोल, आधार, पॅन, बँक.

आणि शेत? शेतासाठी यातल्या कशाचीही वाट पाहायची नाही. तुमच्या प्रश्नात लग्न आणि सातबारा एकमेकांत अडकले आहेत, पण वारस नोंदीत तुम्ही कोणाची सून म्हणून येत नाही, वडिलांची मुलगी म्हणून येता. तिथे सिद्ध करायचंय ते वडिलांशी नातं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी शिधापत्रिका पुरे. लग्नाचं प्रमाणपत्र फार तर तोंडी चौकशीला उत्तर म्हणून.

वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा), सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन भावाने महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे अर्ज द्यावा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं असं महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. तुमचा काळ उलटला असला तरी त्यामुळे हक्क जात नाही, नोंद होते. फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरला की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. तलाठ्याच्या 'नाव कोणतं लिहू'ला उत्तर: जन्मनाव, पुढे 'उर्फ' आणि नवं नाव. दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं प्रतिज्ञापत्र सोबत. त्यात नवऱ्याचं आडनाव देवनागरीत कसं लिहायचं ते एकदा ठरवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तसंच लिहा. इंग्रजी आडनाव ऐकून प्रत्येक कारकून आपल्या कानाने लिहितो, आणि दोन कागदांवरची वेगवेगळी मात्रा हीसुद्धा हरकतीला पुरते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी स्टॅम्प आणा म्हणणारे भेटतील. वाद घालायचा की नाही ते त्या दिवशीच्या उन्हावर ठरवा.

परधर्मात लग्न केल्याने वडिलांच्या शेतातला हिस्सा जातो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भावकीतलं कोणीतरी बोललं असणार असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. जात नाही. २००५च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे आणि २०२०च्या विनीता शर्मा निकालाने ते आणखी पक्कं केलं. विशेष विवाह कायद्यात एकत्र कुटुंबातून 'विभक्त झाल्याचं' मानणारं एक कलम आहे, तेच कोणीतरी अर्धवट वाचून दाखवतं. विभक्त होणं म्हणजे आपला हिस्सा वेगळा होणं, हिस्सा बुडणं नव्हे. फरक पडतो तो पुढे: अशा लग्नात तुमच्या पश्चात तुमची मालमत्ता कोणाला जाईल हे हिंदू वारसा कायद्याऐवजी भारतीय वारसा कायद्याने ठरू शकतं. म्हणून इथल्या मालमत्तेपुरतं मृत्युपत्र करून ठेवा.

उद्या तुम्ही ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत तरी वारशाने आलेली शेती ठेवता येते. नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, तोही महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे शेतकरी असलेला. ब्रिटिश पासपोर्ट घेताना नाव पुन्हा बदलू नका एवढंच.

शेवटी हक्कसोड. भाऊ चांगला आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तुम्हाला हिस्सा त्याच्या नावे सोडायचा आहे. तो तुमच्या घरचा निर्णय, त्यात मी पडत नाही. फक्त आधी वारस नोंद तुमच्या नावासह होऊ द्या आणि मग नोंदणीकृत हक्कसोड पत्र करा. वारसांच्या यादीतून तुमचं नाव वगळून 'काम सोपं' करू देऊ नका, कारण ते प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि पुढे भावालाच जमीन विकताना किंवा कर्ज काढताना त्रास होतो. तुम्हाला यायला जमणार नसेल तर हक्कसोडीपुरतंच मर्यादित मुखत्यारपत्र तिथे करून पाठवा, वकिलातीत सही करून किंवा नोटरीसमोर करून अपॉस्टिल लावून. मुखत्यारपत्रात नाव तेच 'उर्फ'सह. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा पाकीट ज्या दिवशी हातात पडेल ती तारीख भावाला पाकिटावरच लिहून ठेवायला सांगा.